माग न पाहिलेले विणकर

हातमागाच्या इतिहासावर बोलण्यास एखादा जातिवंत विणकर बोलावला असता तर तें अधिक शोभलें असतें. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, छत्तीस वर्षें मुलांना अंकगणित व इतिहास शिकवून निवृत्त झालेला एक साधा शिक्षक आहें. परंतु हा इतिहास वाचतांना एक चमत्कारिक गोष्ट माझ्या ध्यानांत आली व तिनेंच मला बोलण्याचें धैर्य दिलें. ज्यानें हातमागाचा धंदा बुडविणारें यंत्र काढलें तो, ज्यानें युरोपांत विणकामाला पुन्हां कलेच्या पंक्तीस आणून बसविलें तो, आणि ज्यांनीं आपल्या देशांत चरख्याला व मागाला राष्ट्रकार्याचा मान दिला ते, असे हे तिघेही जन्मानें किंवा शिक्षणानें विणकर नव्हते. त्यांपैकीं दोघांनीं तर या विषयांत उडी घेतली तेव्हां माग चालतांना पाहिलाही नव्हता. तेव्हां माझ्यासारख्यानें दोन शब्द बोलले तर फारसा अपराध होऊं नये.

हा विषय सुचला तो घरांतल्या एका गोष्टीवरून. माझी सून पुण्यास एका कचेरींत संगणकावर काम करते. दोन वर्षांपूर्वीं तिनें रविवारचा विणकामाचा वर्ग धरला आणि पुढें टेबलावर मावेल एवढा लाकडी माग घरीं आणला. सुटीच्या दिवशीं ती त्यावर लोकरीच्या लहान सतरंज्या, पायपुसणीं, गळपट्टे असें कांहीं ना कांहीं विणीत असते. तिच्या ओळखींत अशीं आणखी आठ-दहा माणसें आहेत. एक दांतांची डॉक्टर आहे, एक बँकेंतले गृहस्थ आहेत. यांतून कोणास पैसा मिळवावयाचा नाहीं. उलट शिकण्यासाठीं तीं पदरचे पैसे मोजतात. मीं कारण विचारलें तेव्हां ती म्हणाली, "बाबा, दिवसभर केलेलें काम संध्याकाळीं हातांत धरून दाखवितां येत नाहीं. हें वीतभर विणलेलें दाखवितां येतें."

उत्तर मला पटलें; परंतु मन कांहीं स्वस्थ बसेना. ज्या मागावरून उठण्यासाठीं एका पिढीनें जिवाचा आटापिटा केला, त्याच मागावर बसण्यासाठीं दुसरी पिढी फी भरते, हें झालें तरी कसें?

आधीं मागाचें काम थोडक्यांत सांगतों. उभे धागे ताणून बसविलेले असतात, तो ताणा. पायाखालची पावडी दाबली कीं ताण्याचे अर्धे धागे वर उचलले जातात व मधून वाट पडते. त्या वाटेनें धोट्यांतला आडवा धागा जातो, तो बाणा. मग फणी ओढून तो धागा ठोकून बसवावयाचा, दुसरी पावडी दाबावयाची व धोटा उलट फेंकावयाचा. सतरंजी, साडी, घोंगडी यांच्या मुळाशीं एवढाच व्यवहार आहे. गालिच्यांत याच्या जोडीला ताण्याच्या धाग्यांवर लोकरीची एकेक गांठ मारीत जावें लागतें, इतकेंच. शतकानुशतकें धोटा एका हातांतून दुसऱ्या हातांत फेंकला जाई. १७३३ सालीं जॉन के या इंग्रजानें दोरीच्या झटक्यानें धांवणारा धोटा काढला आणि विणकराचा वेग वाढला. मग सूत अपुरें पडूं लागलें. ती उणीव हारग्रीव्ह्ज व आर्कराइट यांच्या सूतयंत्रांनीं भरून काढली, तेव्हां उलट अडचण उभी राहिली. सूत उदंड झालें, परंतु विणणारे हात कमी पडणार असें दिसूं लागलें.

या ठिकाणीं आपला पहिला अनभिज्ञ मनुष्य प्रवेश करतो. एडमंड कार्टराइट हा इंग्लंडांतील एका खेड्यांतला धर्मोपदेशक. कविता करावी, शेतीचे प्रयोग करावे, असा त्याचा काळ जात असे. १७८४ च्या उन्हाळ्यांत मॅटलॉक या गांवीं मँचेस्टरच्या कांहीं गृहस्थांशीं त्याचें बोलणें झालें. एवढें सूत विणणार कोण, असा प्रश्न निघतांच हा म्हणाला कीं, विणण्याचेंही यंत्र करावें. तें अशक्य आहे असें सर्वांचें मत पडलें. तेव्हां त्यानें लंडनमध्यें नुकत्याच दाखविल्या गेलेल्या बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्राचा दाखला दिला. यंत्र बुद्धिबळ खेळतें, तर विणणार कां नाहीं? गंमत अशी कीं, तें यंत्र ही शुद्ध फसवणूक होती. त्याच्या पेटींत एक जिवंत माणूस लपून बसत असे! पण कार्टराइटला तें ठाऊक नव्हतें. त्यानें एक सुतार व एक लोहार हातीं धरून माग तयार केला. त्याची फणी सुमारें पंचवीस किलोच्या वजनानें आदळे आणि तो थोडा वेळ चालविण्यासही दोन धट्टेकट्टे पुरुष लागत. १७८५ च्या एप्रिलमध्यें त्यानें या मागाचें पेटंट घेतलें आणि त्यानंतर कोठें लोक कसे विणतात तें पाहण्यास तो गेला! तें किती सोपें आहे हें पाहून आपण थक्क झालों, असें त्यानेंच पुढें कबूल केलें आहे.

पुढील सुधारणा त्याच्याच नव्हे तर इतरांच्याही हातून झाल्या. मँचेस्टरांत त्याच्या मागांसाठीं उभारलेली एक गिरणी जाळण्यांत आली. त्याला स्वतःला यंत्रानें श्रीमंत केलें नाहीं. १८०९ सालीं पार्लमेंटनें त्याला १०,००० पौंडांचें बक्षीस दिलें. परंतु यंत्रमाग थांबला नाहीं. १८२० च्या सुमारास इंग्लंडांत कापूस विणणारे हातमागवाले अडीच लाखांच्या आसपास होते. १८६० च्या सुमारास ते कांहीं हजारांवर आले. हीच लाट पुढें आपल्याकडे आली. प्रथम परदेशी कापडाच्या रूपानें, मग मुंबईच्या गिरण्यांच्या रूपानें, आणि १९०४ सालीं विठ्ठलराव दातारांनीं इचलकरंजींत पहिला यंत्रमाग बसविल्यावर तर घरोघरच्या मागाशेजारींच ती येऊन बसली.

दुसरा मनुष्य विल्यम मॉरिस. जन्म १८३४, मृत्यु १८९६. हा कवि, चित्रकार, भिंतींच्या कागदांचीं व कापडांचीं नक्षीकामें करणारा कारखानदार आणि पुढें कट्टर समाजवादी. यंत्राच्या कापडाचे भडक रंग त्यास पाहवत नसत, म्हणून आधीं तो नीळ व मंजिष्ठ यांच्या जुन्या रंगाईकडे वळला. त्या दिवसांत त्याचे हात कोपरापर्यंत निळे असत. नंतर त्यानें चित्रपट विणण्याचा, म्हणजे आपण ज्याला टॅपेस्ट्री म्हणतों त्याचा, नाद घेतला. इंग्लंडांत हें काम शिकवणारा त्यास भेटेना. तेव्हां एका जुन्या फ्रेंच पुस्तकावरून त्यानें तें उचललें. १८७९ सालीं लंडनच्या हॅमरस्मिथ भागांतल्या आपल्या घरीं निजावयाच्या खोलींतच त्यानें माग उभा केला आणि पहांटे उठून तो विणावयास बसूं लागला. द्राक्षवेल व मोठीं पानें यांचा तो पहिला पट मे महिन्यांत सुरू होऊन सप्टेंबरांत पुरा झाला. त्यानें रोजच्या तासांची वही ठेविली होती. बेरीज ५१६ तासांहून थोडी अधिक भरली.

श्रोतेहो, मी अंकगणिताचा मास्तर. माझें लक्ष त्या वहीवरच खिळलें. ५१६ तास म्हणजे रोज आठ तास धरल्यास साडेचौसष्ट दिवस. एवढी मजुरी देऊन एखादा पट विकत घेणारा मनुष्य श्रीमंतच असणार. मॉरिस तर सर्वांच्या घरीं सुंदर वस्तु असाव्या म्हणून झगडत होता. परंतु त्याचे गालिचे व पट सरदार-सावकारांच्याच दिवाणखान्यांत गेले आणि हें शल्य त्याला जन्मभर बोचत राहिलें. हाताच्या कामाची खरी किंमत गरिबास परवडत नाहीं आणि खोटी किंमत विणकरास जगूं देत नाहीं. हा पेंच त्यास सुटला नाहीं. तो आपल्यालाही सुटलेला नाहीं.

मॉरिसचे डोळे पूर्वेकडे लागलेले असत. अर्दबीलचा तो प्रसिद्ध इराणी गालिचा, ज्यावर हिजरी ९४६ हें साल विणलेलें आहे, १८९३ सालीं लंडनच्या संग्रहालयानें २,००० पौंडांस घेतला तो मॉरिसच्या शिफारशीवरून. आणि याच काळांत हिंदुस्थानांतले गालिचे कोठें विणले जात होते? पुष्कळसे तुरुंगांत. आग्र्याच्या तुरुंगांत कैद्यांनीं विणलेला प्रचंड गालिचा विंडसरच्या राजवाड्यांत आजही आहे. पुण्याजवळच्या येरवड्याच्या तुरुंगांतले गालिचेही त्या काळीं नांवाजलेले होते. बेळगांवांत जन्मलेले व मुंबईंत वर्षानुवर्षें काम केलेले जॉर्ज बर्डवुड यांनीं १८८० च्या आपल्या ग्रंथांत या तुरुंगी गालिच्यांवर कडक टीका केली. बिनपगारी कैद्यांशीं स्पर्धा करतांना गांवचा कारागीर मरतो, हा त्यांतला मुद्दा आजही विचार करावा असाच आहे.

तिसरे मोहनदास करमचंद गांधी. १९०९ सालीं 'हिंद स्वराज' लिहितांना त्यांनीं हातमाग व चरखा यांची महती गायिली. परंतु तोंवर आपण माग किंवा चरखा पाहिल्याचें आठवत नाहीं, असें त्यांनींच पुढें आत्मचरित्रांत सांगितलें आहे. १९१५ सालीं अहमदाबादजवळ आश्रम काढला तेव्हां कांहीं माग आणविले. पण बसणार कोण? सारे शिकलेले किंवा व्यापारी पेशाचे. कारागीर एकही नाहीं. पालनपुराहून एक जाणकार आणला, तर तो आपली सारी विद्या उघडी करीना. शेवटीं मगनलाल गांधींनीं हाताच्या चिकाटीनें ती कला आत्मसात केली व इतरांस शिकविली. विणणें साधलें, पण सूत गिरणीचेंच. कातणारें कोणी मिळेना. गंगाबेन मजमुदार या बाईंनीं गुजराथभर हिंडून अखेर बडोदें संस्थानांतल्या विजापुरास चरखा शोधून काढला. आश्रमांत जें पहिलें खादीचें कापड निघालें त्याचा खर्च वारास १७ आणे पडला. त्या वेळच्या मानानें हा दर भारी होता. पण गांधींनीं मित्रांस तें त्याच दरानें घ्यावयास सांगितलें व मित्रांनीं तें आनंदानें घेतलें. मॉरिसच्या वहींतले ५१६ तास आणि आश्रमाचे हे १७ आणे, दोन्हीं आंकडे मीं माझ्या टिपणवहींत एकाखालीं एक लिहून ठेविले आहेत.

पुढचा इतिहास आपणांस ठाऊक आहे. १९३० सालीं येरवड्याच्या कारावासांत गांधींनीं पेटींत मिटवून ठेवतां येईल असा चरखा सिद्ध केला, तोच येरवडा चक्र. ज्या तुरुंगांत कैदी शिक्षा म्हणून गालिचे विणीत, त्याच तुरुंगांत एक कैदी आपल्या खुषीनें सूत कातीत बसे! १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्ध्याची शिक्षण परिषद भरली व हातानें कांहीं करतां करतां शिकावें हें तत्त्व शाळेंत आलें. माझ्या लहानपणीं शाळेच्या दप्तरांत टकळी असे ती त्याच विचारांची उरलेली खूण. खरें सांगावयाचें तर आम्हीं टकळी भोंवऱ्यासारखी फिरविण्यांतच अधिक पटाईत होतों.

या तिघांच्या जोडीला ज्या मागावर मनाविरुद्ध बसविल्या गेल्या अशा स्त्रियांचीही आठवण केली पाहिजे. १९१९ सालीं जर्मनींत बाउहाउस नांवाची कलाशाळा निघाली. स्त्रीपुरुष समान असें तिचें ब्रीद. परंतु प्रत्यक्षांत बहुतेक मुलींना विणकामाच्या शाळेंत धाडीत. १९२२ सालीं आलेल्या अ‍ॅनी अल्बर्स हिला कांचेचें काम शिकावयाचें होतें; विणकाम तिला मिळमिळीत वाटे. पण हातांत सूत आल्यावर तिचें मत पालटलें. सभागृहांत आवाज घुमूं नये व प्रकाश परतावा, असें भिंतीचें कापड तिनें आपल्या पदविकेसाठीं तयार केलें. १९३३ सालीं नाझी राजवटीच्या दडपणामुळें शाळा मिटली. अ‍ॅनी अमेरिकेंत गेली, तेथें तिनें ब्लॅक माउंटन कॉलेजांत शिकविलें, आणि १९४९ सालीं न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयानें तिच्या विणकामाचें स्वतंत्र प्रदर्शन भरविलें. तेथें असा मान मिळालेली ती पहिलीच विणकर. भिंतीवरच्या चित्राकडे जसें लोक उभे राहून पाहतात तसें कापडाकडे पाहूं लागले, तें अशा स्त्रियांमुळें. आज शहरांतून जी हौस वाढते आहे तिचें एक मूळ मॉरिसच्या निजावयाच्या खोलींत, दुसरें या मुलींच्या कार्यशाळेंत आणि तिसरें आश्रमाच्या ओसरीवर आहे, असें मला वाटतें.

आतां माझी स्वतःची एक गोष्ट सांगून आटोपतें घेतों. १९८६ च्या सुमारास मी एका तालुक्याच्या गांवीं शिक्षक होतों. शाळेमागें कोष्टी आळी होती. वर्गांत त्या आळींतला एक मुलगा होता. अंकगणितांत असा हुषार कीं फळ्यावर गणित लिहून खडू खालीं ठेवीपर्यंत त्याचें उत्तर तयार. परंतु आठवड्यांतून दोन-दोन दिवस तो गैरहजर असे. घरीं कांड्या भरावयास बसवीत. एके दिवशीं मी संतापानें त्याच्या घरीं गेलों व बापास म्हणालों, "माग बंद केलात तरी चालेल, मुलाची शाळा बंद करूं नका." तो गृहस्थ खड्ड्यांतल्या मागावरून उठला, मला बसावयास घोंगडी घातली आणि हळूच म्हणाला, "गुरुजी, तुमचं खरं आहे. यात पोट भरत नाही, पोराला मी अडवणार नाही. पण हात एकदा मोडला की पुन्हा येत नाही, एवढं ध्यानात असू द्या."

मुलगा शिकला, अभियंता झाला. त्याबद्दल मला आजही समाधान वाटतें. वाईट वाटतें तें दुसऱ्याच गोष्टीचें. मी वर्गांत दंगा करणाऱ्या मुलांना म्हणत असें, "शिकला नाहीस तर जन्मभर माग ओढशील." समोरच्या बांकांवर मागवाल्यांचींच पांच-सहा मुलें बसलेलीं असत. मीं त्यांच्या बापांच्या विद्येला शिक्षा म्हटलें, तेंही त्यांच्याच तोंडावर.

ही चूक मला कळली ती सुनेच्या मागावर बसल्यावर. सेवानिवृत्ताला वेळ भरपूर. तिनें एका दुपारीं मला बसविलें. पहिल्या वीतभर कापडांतच दोन्ही कांठ आंत ओढले गेले व पट्टी मध्यें माझ्या कमरेसारखी नव्हे, मुंगीच्या कमरेसारखी झाली. आडवा धागा किती सैल सोडावा हें हातास कळावें लागतें. मग एक साधी चौकडी विणूं लागलों. चार धागे सोडून दोन उचलावयाचे, पुढच्या ओळींत एकानें सरकावयाचें, रुंदी न चुकतां नक्षी दोन्ही कांठांस सारखी मिळाली पाहिजे. ल.सा.वि. व म.सा.वि. मीं छत्तीस वर्षें फळ्यावर शिकविला. तो येथें बोटांखालीं जिवंत उभा होता! तेव्हां माझ्या डोक्यांत लख्ख प्रकाश पडला. तो मुलगा कांड्या भरावयास घरीं राही म्हणून त्याचें गणित बुडत नव्हतें. निदान अर्धें गणित तरी तो तेथूनच शिकून येत होता.

गेल्या दिवाळींत तो भेटावयास आला. आतां त्याचेही केस पांढरे होऊं लागले आहेत. टेबलावर माग पाहून तो थबकला. ताण्याचा एक धागा तुटलेला होता. तो जोडावयास सून सकाळपासून खटपट करीत होती. त्यानें कांहीं न बोलतां दोन्ही टोकें बोटांत धरलीं आणि डोळ्यांचें पातें लवतें न लवतें तों कोष्ट्याची बारीक गांठ मारून मोकळा झाला. ती गांठ फणींतून सहज पार गेली. त्याचे वडील आतां नाहींत. मीं त्याला म्हटलें, "बाबा रे, तुला शाळेंत ओढून आणलें हें मीं योग्यच केलें. पण मागाला शिक्षा म्हटलें, तें चुकलें." तो हंसला, आणि म्हणाला, "गुरुजी, माग मोडला तेव्हा वडिलांनी फणी तेवढी ठेवून घेतली होती. ती माझ्या घरी आहे." पुढच्या रविवारीं तो ती फणी सुनेस दाखवावयास घेऊन आला.

श्रोतेहो, हौस म्हणून विणणारांस कोणी नांवें ठेवूं नयेत. मॉरिस हौशीच होता, मगनलालही जातीनें विणकर नव्हते, आणि त्यांच्यामुळेंच ही विद्या शिकलेल्या घरांतून पुन्हां आदरानें बोलली जाऊं लागली. परंतु एक हिशेब डोळ्यांआड करूं नये. १९९५ च्या सुमारास झालेल्या गणनेंत आपल्या देशांत विणकर व त्यांच्या जोडीचे कामगार मिळून सुमारें ६५ लाख होते. २०१९-२० च्या चौथ्या गणनेंत ते ३५ लाख २२ हजार उरले, आणि त्यांत स्त्रियाच अधिक. म्हणजे छंद वाढतो आहे व धंदा आटतो आहे. पहिल्यानें दुसऱ्याचें दुःख आपोआप हलकें होईल, असें समजणें भोळेपणाचें ठरेल.

तथापि छंद करणाराच्या हातीं एक गोष्ट खास आहे. मॉरिसप्रमाणें त्यानें तासांची वही ठेवावी. एक हात लांबीची सतरंजी विणण्यास आपणांस किती तास लागले तें लिहावें, आणि पुढच्या वेळीं बाजारांत विणकराशीं भाव करतांना ती वही आठवावी. आपल्या पंधरा तासांस आपण जें मोल देऊं तेंच त्याच्या पंधरा तासांस द्यावें. आश्रमाच्या मित्रांनीं १७ आणे दिले ते दया म्हणून नव्हे, हिशेब कळला म्हणून दिले. आणि दुसरें असें कीं, शिकावयाचें तर पुस्तकावरून शिका, वर्गांत शिका, परंतु जवळपास एखादा जुना विणकर हयात असेल तर त्यास गुरु करा, त्याला मानधन द्या, त्याच्या बोटांकडे पहा. ती गांठ पुस्तकांतल्या चित्रावरून येत नाहीं. माझ्या सुनेनें तीन पुस्तकें चाळलीं होतीं. तिला ती आली माझ्या विद्यार्थ्याच्या हाताकडे पाहून, आणि त्याला आली होती त्याच्या वडिलांच्या.